कोलेस्टेरॉल: पथ्य की गोळी? चला, गणित मांडून पाहूया



हृदयाचे चार कप्पे, रोहिणी आणि नीला हे आपण शाळेत शिकलो. आकृती काढून नावंसुद्धा दिली. पण पुढे चाळिशीत लॅबचा कागद हातात पडतो आणि त्यावर ‘लिपिड प्रोफाइल’ असं लिहून पाच-सहा आकडे दिलेले असतात. ते कसे वाचायचे, हे मात्र कुठल्याच इयत्तेत शिकवलेलं नसतं. मग घरात चर्चा सुरू होते. एक म्हणतो, "तूप बंद करा, सगळं ठीक होईल." दुसरा म्हणतो, "गोळी सुरू करा आणि काय हवं ते खा." तिसरा म्हणतो, "गोळी एकदा लागली की जन्मभर सुटत नाही, त्यापेक्षा नकोच."

या तिघांच्या म्हणण्यात थोडं थोडं तथ्य आहे, पण तिघांचाही हिशेब अपुरा आहे. आजच्या पाठात तो पूर्ण करूया. एक कागद-पेन जवळ ठेवा. घरात कुणाचा जुना रिपोर्ट असेल तर तोही काढून ठेवा.

१. कोलेस्टेरॉल म्हणजे नेमकं काय?

कोलेस्टेरॉल हा मेणासारखा, स्निग्ध पदार्थ आहे. तो विष नाही. आपल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात तो असतो. पचनाला लागणारं पित्त, ‘ड’ जीवनसत्त्व आणि कित्येक संप्रेरकं शरीर त्याच्यापासूनच बनवतं. तो इतका गरजेचा आहे की शरीर त्यासाठी फक्त जेवणावर अवलंबून राहत नाही. बहुतांश कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करतं आणि त्यात यकृताचा वाटा मोठा असतो.

ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा पाठ तिच्यावर उभा आहे. ताटातून येतं त्यापेक्षा घरच्या कारखान्यात जास्त बनतं. म्हणूनच एखाद्या सडपातळ, शाकाहारी, रोज फिरायला जाणाऱ्या माणसाचंही कोलेस्टेरॉल वाढलेलं निघतं आणि घरचे चकित होतात, "यांचं कसं काय वाढलं?"

आता तेल पाण्यात मिसळत नाही, तसं कोलेस्टेरॉल रक्तात विरघळत नाही. त्याला फिरायला वाहन लागतं. ही वाहनं म्हणजे प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ मिळून बनलेले सूक्ष्म कण. त्यातले दोन प्रकार महत्त्वाचे.

एलडीएल: हे कण कोलेस्टेरॉल शरीरभर पोचवतात. त्यांची संख्या जास्त झाली की ते रोहिणीच्या अस्तरात शिरून अडकतात. तिथे वर्षानुवर्षं थर साचतो. एखाद्या दिवशी तो थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी होते आणि हृदयाचा किंवा मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो. त्यालाच आपण हार्ट अटॅक किंवा पक्षाघात म्हणतो.

एचडीएल: हे कण जादा कोलेस्टेरॉल परत यकृताकडे आणायला मदत करतात.

रिपोर्टमध्ये तिसरं नाव असतं ट्रायग्लिसराइड्स. ही रक्तातली चरबी. साखर, मैदा, दारू आणि पोटाचा घेर वाढला की ही सहसा वाढते.

थर साचत असताना काहीही दुखत नाही. चक्कर येत नाही, भूक मरत नाही. "मला काही त्रास होत नाही" हे वाक्य कोलेस्टेरॉलच्या बाबतीत काहीच सांगत नाही. तपासणीशिवाय ते कळतच नाही.

२. रिपोर्ट वाचायला शिकू

समजा, एका माणसाच्या रिपोर्टवर असे आकडे आहेत. सगळे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये:

एकूण कोलेस्टेरॉल: २३६
एचडीएल: ३८
ट्रायग्लिसराइड्स: १९०

बऱ्याच लॅब एलडीएल प्रत्यक्ष मोजत नाहीत, हिशेबाने काढतात. तो हिशेब आपणही करू शकतो. ट्रायग्लिसराइड्सला ५ ने भागा. १९० भागिले ५ म्हणजे ३८. हा आकडा रिपोर्टवर ‘व्हीएलडीएल’ म्हणून दिसतो. आता एकूण आकड्यातून एचडीएल आणि हा ३८ वजा करा.

२३६ − ३८ − ३८ = १६०

म्हणजे एलडीएल १६०. (ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या वर असतील तर हा हिशेब चालत नाही. तिथे एलडीएल वेगळं मोजावं लागतं.)

आणखी एक सोपी वजाबाकी करा. एकूण कोलेस्टेरॉलमधून फक्त एचडीएल वजा करा: २३६ − ३८ = १९८. याला ‘नॉन-एचडीएल’ म्हणतात. थर साचवणारे सगळे कण यात एकत्र मोजले जातात. आपल्याकडे ट्रायग्लिसराइड्स जास्त आणि एचडीएल कमी अशी जोडी वारंवार दिसते, त्यामुळे हा आकडा आपल्याला विशेष उपयोगाचा.

उपाशीपोटी तपासायचं का? शुगरची तपासणी सोबत असेल तर लॅब उपाशी बोलावतेच. फक्त लिपिडसाठी मात्र दरवेळी उपास लागतोच असं नाही. ट्रायग्लिसराइड्स फार वाढलेले निघाले तर डॉक्टर उपाशीपोटी पुन्हा करायला सांगतात.

३. आकडा एक, निर्णय दोन

इथे बहुतेकांची गल्लत होते. लॅबच्या कागदावर शेवटच्या रकान्यात ‘नॉर्मल’ची एकच मर्यादा छापलेली असते आणि आपण तिच्याशी ताडून पाहतो. पण एलडीएलची मर्यादा सगळ्यांना सारखी नसते.

समजा, दोघांचं एलडीएल १३० आहे. एक बाई ३२ वर्षांच्या, मधुमेह नाही, रक्तदाब नाही, घरात कुणाला लवकर हृदयविकार झालेला नाही. दुसरे गृहस्थ ५८ वर्षांचे, दहा वर्षं मधुमेह, दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. आकडा तोच. बाईंना डॉक्टर बहुधा सांगतील, "आहार सुधारा, चाला, काही महिन्यांनी पुन्हा बघू." गृहस्थांना त्याच आकड्यावर औषध वाढवून देतील.

कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये भारतीयांसाठी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यातली एलडीएलची उद्दिष्टं थोडक्यात अशी:

- धोका कमी असलेल्यांसाठी: १०० च्या खाली
- मधुमेह, उच्च रक्तदाब अशा जास्त धोक्याच्या लोकांसाठी: ७० च्या खाली
- हार्ट अटॅक, अँजिना, पक्षाघात वगैरे होऊन गेलेल्यांसाठी: ५५ च्या खाली

म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न "माझं कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे का?" असा विचारू नका. "माझ्यासाठी एलडीएल किती असायला हवं?" असं विचारा. उत्तर मिळालं की ते रिपोर्टच्या फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

एक विशेष सूचना. एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त असेल आणि घरात कुणाला तरुणपणी हार्ट अटॅक आला असेल, तर तो आनुवंशिक प्रकार असू शकतो. सुमारे अडीचशे माणसांत एकाला हा दोष असतो. आई-वडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता निम्मी. अशा घरात मुलांचीही तपासणी करून घ्यायला हवी. यांना नुसत्या पथ्याने गुण येत नाही. त्यात त्यांच्या जिभेचा दोष काहीच नाही.

उलट, कधी कधी वाढलेल्या कोलेस्टेरॉलचं मूळ दुसरीकडेच असतं. थायरॉइडचं काम मंदावलं की एलडीएल वाढतं. म्हणून डॉक्टर सोबत टीएसएच करायला सांगतात. तो जादा खर्च वाटून टाळू नका.

४. पथ्याने किती उतरतं?

आता स्वयंपाकघरात जाऊ. एलडीएलवर सर्वांत जास्त परिणाम करते ती संपृक्त चरबी. साध्या भाषेत, थंडीत गोठते ती चरबी. कुठल्या स्निग्धात ती किती, ते पाहा:

- खोबरेल: ८० टक्क्यांहून जास्त
- साजूक तूप: ६० टक्क्यांच्या आसपास
- पाम तेल: जवळजवळ निम्मी
- शेंगदाण्याचं तेल: साधारण २० टक्क्यांच्या आत
- करडईचं तेल: १० टक्क्यांच्या आत

तेलाच्या डब्यावर मोठ्या अक्षरात ‘कोलेस्टेरॉल फ्री’ असं छापलेलं असतं, त्याला भुलू नका. कोलेस्टेरॉल प्राण्यांपासून मिळणाऱ्या पदार्थांत असतं. वनस्पतीच्या तेलात ते मुळात नसतंच म्हटलं तरी चालेल. ‘कोलेस्टेरॉल फ्री’ पाम तेलही संपृक्त चरबीमुळे तुमचं एलडीएल वाढवू शकतं. डबा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचा.

दुसरा शत्रू ट्रान्स फॅट. वनस्पती तुपात, म्हणजे आपण ज्याला डालडा म्हणतो त्यात, हे भरपूर असायचं. ट्रान्स फॅट एलडीएल वाढवतं आणि एचडीएल कमी करतं, म्हणजे दुहेरी नुकसान. भारतात जानेवारी २०२२ पासून तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे. तरी खारी, टोस्ट, नानकटाई, क्रीमचे बिस्किट यांत पाम तेल आणि वनस्पती तूप असतंच. रोज सकाळी चहाबरोबर चार खारी खाणारा माणूस "मी तूप सोडलंय" म्हणतो, तेव्हा त्याचा हिशेब जुळत नाही.

मग अंडं? एका अंड्याच्या बलकात साधारण १८५ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं. पण खाण्यातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त चरबीचा रक्तावर जास्त परिणाम होतो. दिवसाला एखादं उकडलेलं अंडं बहुतेक निरोगी लोकांना चालतं. मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर डॉक्टरांना विचारून ठरवा.

काय वाढवायचं? विरघळणारा तंतू. तो आतड्यात पित्ताला धरून ठेवतो आणि शौचावाटे बाहेर नेतो. नवं पित्त बनवायला यकृताला कोलेस्टेरॉल लागतं, ते ते रक्तातून ओढून घेतं. हा तंतू मटकी, चवळी, राजमा, हरभरा अशा कडधान्यांत, ओट्स आणि जवात, पेरू-सफरचंदात असतो. रोज १० ग्रॅम इसबगोल भरपूर पाण्याबरोबर घेतल्यास एलडीएल ५ ते १० टक्के उतरू शकतं. (इसबगोल आणि इतर औषधं एकदम घेऊ नका, मध्ये थोडं अंतर ठेवा.) जवसाची चटणी, मूठभर शेंगदाणे किंवा बदाम, मासे खाणाऱ्यांना बांगडा आणि तारली, हेही चांगलं. फक्त बांगडा तेलात बुडवून तळायचा नाही.

उपासाचं काय? ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याकडे उगाच नाही. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि वर तळलेले वेफर्स यात तंतू थोडा, पिष्ट आणि तेल भरपूर. भगर, ताक, फळं आणि राजगिरा हा उपास हृदयाला जास्त मानवेल.

तेल मोजायची सोपी युक्ती: आहारतज्ज्ञ ढोबळमानाने माणशी महिन्याला अर्धा लिटर तेल सांगतात. चार माणसांच्या घरात दोन लिटर. तुमच्या किराणा यादीत किती लिटर असतं? हा आकडा रिपोर्टइतकाच खरं बोलतो.

आता चालण्याबद्दल. आठवड्याला किमान १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, भरभर चाला. ‘भरभर’ म्हणजे बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही इतकं. यामुळे ट्रायग्लिसराइड्स उतरतात, एचडीएल थोडं वाढतं, शुगर आणि रक्तदाब ताळ्यावर येतो. एलडीएल मात्र नुसत्या चालण्याने थोडंच कमी होतं. तंबाखू, बिडी, सिगारेट सोडल्याचा फायदा तर कुठल्याही आकड्यात मावत नाही. पुरुषांनी कंबरेचा घेर ९० सेंटीमीटरच्या आत आणि बायकांनी ८० च्या आत ठेवायचा.

हे सगळं मनापासून केलं तर एलडीएल साधारण १० ते १५ टक्के उतरतं. काहींचं जास्त, काहींचं कमी. हे कमी वाटतं का? थांबा, सहाव्या भागात या १२ टक्क्यांची किंमत कळेल.

५. गोळी काय करते?

कोलेस्टेरॉलच्या बहुतेक गोळ्या ‘स्टॅटिन’ या कुटुंबातल्या असतात. चिठ्ठीवर ॲटोरव्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन असं नाव दिसेल. या कुटुंबाचा जन्म बुरशीतून झाला. जपानमधले शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी हजारो प्रकारच्या बुरश्या तपासल्या आणि १९७३ मध्ये एका पेनिसिलियम बुरशीतून पहिलं स्टॅटिन वेगळं काढलं. त्याच काळात अमेरिकेत मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन हे डॉक्टर आनुवंशिक कोलेस्टेरॉल असलेल्या रुग्णांचा अभ्यास करत होते. पेशींवर एलडीएलला आत घेणारी खास दारं असतात, हे त्यांनी दाखवलं. त्यासाठी त्यांना १९८५ चं नोबेल मिळालं.

या दोन शोधांतून गोळीचं काम समजतं. स्टॅटिन यकृतातल्या कारखान्याचं एक मुख्य यंत्र मंद करतं. घरातलं उत्पादन घटलं की यकृत बाहेरून माल घ्यायला निघतं आणि स्वतःच्या पेशींवर जास्त दारं उघडतं. त्या दारांनी रक्तातलं एलडीएल आत ओढलं जातं. रक्तातला आकडा उतरतो.

पण आकडा उतरला म्हणजे जीव वाचतो का? हा प्रश्न शास्त्रज्ञांनीही विचारला होता. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातल्या एका मोठ्या अभ्यासाने त्याचं उत्तर दिलं. हृदयविकार असलेल्या ४४४४ रुग्णांपैकी निम्म्यांना स्टॅटिन आणि निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी दिली. सुमारे पाच वर्षांत औषध नसलेल्या गटात २५६ जण दगावले, स्टॅटिनच्या गटात १८२. त्यानंतरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित हिशेब असा की, एलडीएल साधारण ३९ ने उतरलं की हार्ट अटॅक, पक्षाघात अशा घटना सुमारे पाचव्या हिश्शाने कमी होतात.

मध्यम डोसचं स्टॅटिन एलडीएल ३० ते ४९ टक्के उतरवतं, मोठ्या डोसचं ५० टक्के किंवा अधिक. मात्र डोस दुप्पट केला म्हणून परिणाम दुप्पट होत नाही. दरवेळी दुप्पट केल्यावर साधारण ६ टक्क्यांचीच भर पडते. म्हणून गरज लागली तर डॉक्टर इझेटिमाइब नावाची दुसरी गोळी जोडतात. ती आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषलं जाणं अडवते आणि उरलेल्यातलं साधारण २० टक्के आणखी उतरवते.

६. आता मुख्य गणित

आपल्या सुरुवातीच्या माणसाकडे परत येऊ. एलडीएल १६०. समजा त्याला मधुमेह आहे, म्हणजे उद्दिष्ट ७० च्या खाली. टक्केवारी सरासरी धरून मांडणी करू.

फक्त पथ्य (१२ टक्के घट):
१६० वरून १४१. उद्दिष्ट लांबच.

फक्त गोळ्या (स्टॅटिन ४० टक्के, मग इझेटिमाइब २० टक्के):
१६० वरून ९६, ९६ वरून ७७. जवळ आलो, पण पोचलो नाही.

पथ्य आणि गोळ्या दोन्ही:
१६० वरून १४१, १४१ वरून ८५, ८५ वरून ६८. पोचलो!

पाहिलंत? जे १२ टक्के किरकोळ वाटत होते, त्यांनीच शेवटची पायरी चढवली. पथ्य नसतं तर डोस आणखी वाढवावा लागला असता. आणि गोळी नसती तर हा माणूस कितीही पाले खाऊन ७० वर आला नसता. ‘पथ्य की गोळी’ हा प्रश्नच या माणसासाठी चुकीचा आहे. दोघांचे वाटे ठरलेले आहेत. एकाने दुसऱ्याचा वाटा उचलायचा नाही.

आणि ३२ वर्षांच्या त्या बाई? त्यांचं एलडीएल १३०. १२ टक्के उतरलं की ११४. १०० वर अजून आलं नाही, पण धोका कमी आणि हातात वेळ आहे. तिथे पथ्यालाच आधी संधी द्यायची आणि पुन्हा तपासायचं. गणित तेच, उत्तर वेगळं.

७. गोळीबद्दलच्या शंका

"किडनी-लिव्हर खराब होतं म्हणतात." लिव्हरला गंभीर इजा होणं फार दुर्मीळ आहे. डॉक्टर सुरुवातीला लिव्हरची तपासणी करून घेतात. आधीचा किडनीचा आजार असेल तर तो सांगा, त्यानुसार औषध आणि डोस निवडतात.

"अंग दुखतं." काहींना खरंच स्नायू दुखतात. पण २०२० मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी एक सुंदर प्रयोग केला. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना काही महिने स्टॅटिन, काही महिने औषध नसलेली गोळी आणि काही महिने काहीच नाही, असं दिलं. स्टॅटिनच्या महिन्यांत जो त्रास झाला, त्याचा सुमारे ९० टक्के भाग औषध नसलेल्या गोळीनेही झाला. म्हणजे दुखणं खरं असतं, पण त्याचं कारण दरवेळी औषध नसतं. तरीही दुखत असेल तर सांगायचं. डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते. दोन्ही बाजूंचे स्नायू खूप दुखले, अशक्तपणा आला आणि लघवी गडद तपकिरी झाली, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

"शुगर वाढते." ज्यांची शुगर आधीच सीमेवर आहे त्यांच्यात मधुमेह थोडा लवकर दिसू शकतो. पण हृदयाला होणारा फायदा त्याहून बराच मोठा असतो, म्हणून मधुमेही लोकांनाच ही गोळी आवर्जून देतात.

"ही रक्त पातळ करायची गोळी ना?" नाही. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिनसारखं औषध असतं, ते वेगळं. गोंधळ होतो कारण आपल्याकडे दोन्ही एकाच कॅप्सूलमध्येही मिळतात. मग दात काढायचा म्हणून ती कॅप्सूल बंद केली जाते, त्याबरोबर स्टॅटिनही बंद होतं आणि पुन्हा सुरू करायचं राहून जातं. दाताच्या डॉक्टरांना चिठ्ठी दाखवा आणि काय थांबवायचं, किती दिवस, हे स्पष्ट विचारा.

"महाग पडेल." ॲटोरव्हास्टॅटिन देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. जनऔषधी केंद्रात या गोळ्या स्वस्तात मिळतात. डॉक्टरांना जेनेरिक नाव लिहून द्यायला सांगा.

"लसूण, काढा घेतला तर?" लसूण जेवणात जरूर खा. गोळीच्या जागी मात्र नको. काढा किंवा कुठलीही पावडर घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. ग्रेपफ्रूट आणि काही अँटिबायोटिक यांच्यामुळे काही स्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं, म्हणून नवं औषध घेताना जुनी चिठ्ठी बरोबर न्या. गरोदर असलेल्या किंवा तसा विचार करणाऱ्या बाईंनी हे डॉक्टरांना आधीच सांगायला हवं.

८. रिपोर्ट नॉर्मल आला, आता गोळी बंद करू?

सगळ्या पाठातला हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण इथेच सर्वांत जास्त नुकसान होतं. गोळी सुरू होते, तीन महिन्यांनी रिपोर्ट छान येतो. घरात आनंद होतो. बाबा म्हणतात, "झालं बरं. आता कशाला उगाच गोळ्या खायच्या?" आणि स्ट्रिप संपल्यावर नवी आणली जात नाही.

विचार करा. चष्मा लावल्यावर फळा स्वच्छ दिसायला लागला, म्हणून आपण चष्मा फेकतो का? रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळी चालू असताना. यकृताचा कारखाना मोडलेला नाही, फक्त मंद केलेला आहे. गोळी थांबली की काही आठवड्यांत एलडीएल मूळ पदावर येतं. आणि तेव्हाही काहीच दुखत नाही, त्यामुळे कुणाला कळत नाही. ज्याची अँजिओप्लास्टी झाली आहे त्याच्यासाठी हा निव्वळ आकड्याचा खेळ राहत नाही, स्टेंट घातलेल्या त्या रोहिणीचा प्रश्न असतो.

गोळी कधीच कमी होत नाही असं नाही. वजन चांगलं उतरलं, थायरॉइड ताळ्यावर आलं, तर डॉक्टर डोस कमी करू शकतात. पण तो निर्णय रिपोर्ट समोर ठेवून त्यांनी घ्यायचा. आपण परस्पर घ्यायचा नाही. साधारण क्रम असा: गोळी सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर ४ ते १२ आठवड्यांनी तपासणी, आकडा स्थिर झाला की डॉक्टर सांगतील तसं सहा महिन्यांनी किंवा वर्षाने.

थोडक्यात लक्षात ठेवा

- कोलेस्टेरॉल वाढल्याचं दुखत नाही. तपासल्याशिवाय कळत नाही.
- लॅबची मर्यादा सगळ्यांसाठी एक असते. तुमचं उद्दिष्ट तुमच्या धोक्यावर ठरतं.
- तेल-तूप, बेकरी, तंबाखू कमी. कडधान्यं, तंतू, चालणं जास्त.
- पथ्याचा वाटा पथ्याने उचलायचा, गोळीचा गोळीने.
- रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे उपचार लागू पडला. तो संपला असा त्याचा अर्थ नाही.

स्वाध्याय

१. एकूण कोलेस्टेरॉल २१०, एचडीएल ४५, ट्रायग्लिसराइड्स १५०. एलडीएल आणि नॉन-एचडीएल काढा.
२. एलडीएल १५० आहे. पथ्याने १० टक्के आणि नंतर स्टॅटिनने ४० टक्के उतरलं, तर किती राहील? मधुमेह असल्यास हे पुरेसं आहे का?
३. घरातल्या बिस्किटांच्या आणि तेलाच्या पाकिटांमागची माहिती वाचा. संपृक्त चरबी १०० ग्रॅममागे किती, ते वहीत लिहा आणि त्यांचा क्रम लावा.
४. घरात कुणाची गोळी चालू असेल, तर तिचं जेनेरिक नाव, डोस आणि ठरलेलं उद्दिष्ट त्यांच्याकडून विचारून लिहा. उद्दिष्ट माहीत नसेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न तुम्हाला मिळाला.

उत्तरं: १) १५० भागिले ५ = ३०. एलडीएल २१० − ४५ − ३० = १३५. नॉन-एचडीएल २१० − ४५ = १६५. २) १५० वरून १३५, १३५ वरून ८१. मधुमेह असेल तर उद्दिष्ट ७० च्या खाली, म्हणून अजून पुरेसं नाही.

हा पाठ माहितीसाठी आहे. कुठली गोळी, किती आणि कधीपासून, हे तुमचे डॉक्टरच सांगतील. तुम्ही मात्र त्यांच्यासमोर आकडा समजून घेऊन बसा. चौथा प्रश्न आजच सोडवा. बाकीचे उद्या केले तरी चालतील.